पाळणाघरातल्या मावशींना कायदा कोण सांगणार?

महोदय,

मी गेली एकवीस वर्षे डोंबिवली पूर्वेला राहत्या घरात पाळणाघर चालवते. सकाळची लोकल गाठणाऱ्या आयांची बावीस मुले सध्या आमच्याकडे आहेत आणि त्यांतली निम्मी तीन वर्षांच्या आतली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचारानंतर आमच्या भागात 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवणारे कार्यक्रम ठिकठिकाणी झाले. ते जरूर व्हावेत. परंतु धड वाक्यही जुळवता न येणाऱ्या मुलाने स्वतःला सांभाळावे आणि ज्यांच्या हाती ते दिवसाचे दहा तास असते त्यांना मात्र कोणी काहीच शिकवू नये, हे मला मान्य नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडची साडेतीन वर्षांची एक मुलगी घरी जायची वेळ झाली की फ्रॉकचे टोक मुठीत घट्ट धरून दाराआड उभी राहू लागली. (तिची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.) आमच्या मावशींनी मला दोनदा सांगितले आणि मी दोन्ही वेळा 'हट्ट करत असेल' म्हणून ते सोडून दिले, याची बोचणी आजही आहे. शेवटी मावशींनीच तिला मांडीवर घेऊन, काही न विचारता तिची वेणी घालता घालता बोलते केले. व्हॅनचे काका आपल्याला पुढे बसवतात आणि 'आईला सांगायचे नाही' म्हणतात, एवढेच ती म्हणाली. त्यापुढचे काही विचारायचे नसते, आठवून आठवून वदवायचे तर मुळीच नसते, हे मावशींना उपजत कळले. मला ते नंतर वाचून कळले.

नातेवाईक आईवडिलांना 'पोरीचे नाव कशाला खराब करता' म्हणत होते. तेव्हा उपयोगी पडला तो मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा 'पोक्सो' कायदा. असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे; न कळवल्यास शिक्षा आहे आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे वाचून दाखवल्यावर त्या आईच्या जिवात जीव आला. तिला सर्वांत जास्त धास्ती पोलीस ठाण्याच्या पायरीची होती. बदलापूरच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी जे तासन्‌तास ताटकळावे लागले, ते पाहता ती धास्ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही.

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. मुलाचे लंगोट किंवा कपडे बदलताना दाराला कडी लागत नाही, पालक कधीही न कळवता आत येऊ शकतात आणि ठरलेल्या माणसाशिवाय मूल कोणाच्याही हाती जात नाही, मग तो सख्खा मामा का असेना. आईवडिलांनाही मी एक विनंती करते की, पाहुण्यांना पापी द्यायला मुलावर जबरदस्ती करू नका, कारण आपल्या 'नको'ला किंमत असते हे मूल घरातच शिकते. कॅमेरे आम्हीही लावले आहेत. पण २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्याने फक्त दाखवली, थांबवली नाही.

'पोक्सो'च्या २०२० च्या नियमांत शाळांबरोबर पाळणाघरांचाही स्पष्ट उल्लेख असून तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण सांगितले आहे. माझ्या दाराशी मात्र एकवीस वर्षांत कोणत्याही कार्यालयातून कोणी फिरकलेले नाही. महापालिका आणि महिला व बालविकास विभाग यांनी प्रभागवार घरगुती पाळणाघरांची नोंद करावी, पडताळणीचा अर्ज प्रभाग कार्यालयातच भरून घ्यावा आणि महिन्यातून एका शनिवारी दुपारी मावशींसाठी, त्यांना समजेल अशा मराठीत प्रशिक्षण ठेवावे. मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर १०९८ हा संकटातल्या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेला असावा. त्या शनिवारी पाळणाघर दुपारी बंद ठेवून आमच्या दोन्ही मावशींना घेऊन येण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक पाळणाघर संचालिका, डोंबिवली (पूर्व)