क्रोशाच्या नमुन्यातले आकडे गाळू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अधूनमधून क्रोशाचे नमुने येतात. नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि निवृत्तीनंतर क्रोशा शिकायला घेतला, त्यामुळे हे नमुने मी सुई हातात धरूनच वाचतो. (पुरुष माणूस आणि क्रोशा, असे म्हणून हसणारे हसतात. हसू देत.) साखळी, मुका खांब, खांब, स्लिप स्टिच एवढे टाके हाताला बसायला फारसे कठीण गेले नाही. घोडे अडते ते छापलेला नमुना वाचताना, आणि त्यात बराचसा दोष छापणाऱ्याचा असतो.

बहुतेक नमुने मूळ इंग्रजीतून येतात. अमेरिकन पद्धतीत 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश पद्धतीत त्यालाच 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकेतला 'डबल क्रोशे' मात्र आपला पूर्ण खांब, ब्रिटिशांचा 'ट्रेबल'. आता नमुन्यात नुसते 'डीसी', म्हणजे 'डबल क्रोशे'चे लघुरूप, छापले तर विणणाऱ्याने काय समजायचे? खांब मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंच असतो. चुकीचा धरला की वस्तूचे मापच बदलते. कुठे 'एससी' ('सिंगल क्रोशे') दिसले तर नमुना अमेरिकन, कारण हल्लीच्या ब्रिटिश नमुन्यांत ते नावच नसते. पण ही हेरगिरी नवशिक्याने का करावी? सुरुवातीला 'अमेरिकन संज्ञा' एवढे दोन शब्द छापावेत. सुईचे मापही मिलिमीटरमध्येच द्यावे. जुन्या ब्रिटिश क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन अक्षरांत पुढचे अक्षर म्हणजे जाड सुई.

माझी खरी तक्रार मात्र गाळलेल्या आकड्यांबद्दल आहे. मूळ नमुन्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात टाक्यांची संख्या असते. पुरवणीत बहुधा जागेसाठी ती उडवली जाते. मुक्या खांबांचा सपाट गोल घ्या: पहिल्या फेरीत 6, मग 12, 18, 24, दर फेरीला 6 ची वाढ. टाके कमी पडले की गोलाची वाटी होते, जास्त झाले की कडेला झालर सुटते. हे डोळ्यांना दिसेपर्यंत चार-पाच फेऱ्या पुढे गेलेल्या असतात. कंसातला आकडा मात्र त्याच फेरीत पकडून देतो. तळाशी बेरीज नसलेले खतावणीचे पान मी तरी कधी पुढे पाठवले नसते.

सरळ ओळींतही तेच. खांबांची ओळ वळताना 3 साखळ्या घालतात आणि बहुतेक वेळा त्यांना पहिला खांब म्हणून मोजतात. मुक्या खांबाच्या ओळीला 1 साखळी, ती सहसा मोजत नाहीत. 'सहसा' म्हणतो, कारण नमुन्यागणिक हे बदलते, म्हणूनच ते लिहायला हवे. त्या 3 साखळ्यांना खांब धरले, तर परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्यांच्या माथ्यावर घालावा लागतो. ती जागा आवळलेली, कडेला कलंडलेली असते. तिथे टाका आहे असे नव्या डोळ्यांना दिसतच नाही. मग दर ओळीला एक खांब गळतो आणि चौकोनी रुमाल वर निमुळता होत जातो.

'व्हिडिओ बघा' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बघतोही. पण कागदावरचे वाचता येऊ लागले की व्हिडिओ नसलेले नमुनेही विणता येतात, आणि पुरवणी तर कागदावरच येते. गोल वस्तूंसाठी चिन्हांचा तक्ता दिलात तर फारच उत्तम: साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला एक तिरकी रेघ मारलेला इंग्रजी टी. 'डीसी'चा घोळच उरत नाही.

जागेची अडचण असेल तर तयार वस्तूचा फोटो लहान करा. पाव पानाचा फोटो आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरांत आकडे गाळलेला नमुना, ही वाटणी काही बरोबर नाही.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस