बुरशीविष मापकाची परीक्षा रसातच घ्या

संपादक, स. न.

काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की द्राक्षमणी तडकतात आणि त्यात काळी बुरशी शिरते. तिचे ओक्रॅटॉक्सिन-ए हे विष रस गाळला, पाश्चराइज केला तरी टिकते. युरोपची मर्यादा द्राक्षरसात किलोला २ मायक्रोग्रॅम, बेदाण्यात ८. ते मोजणारे फ्लुरोसन्स (चमकेवरून मोजणारे) यंत्र घेऊ पाहणाऱ्या तासगाव-सांगली भागातील शेतकरी कंपन्यांनी माहितीपत्रकातला आकडा स्वच्छ बफरमधला (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातला) आहे की रसातला, एवढे आधी विचारावे.

अशा एका प्रकारात डीएनएच्या धाग्याला चमकणारा रंग जोडून तो ग्राफिन ऑक्साइडवर (कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यावर) बसवतात; तिथे चमक दबते. विष भेटले की धागा त्याच्याभोवती दुमडतो, सुटतो आणि उजळतो. धाग्याला विष धरायला कॅल्शियम लागते. द्राक्षरसातले टार्टारिक आम्ल तेच अडकवते, म्हणून वाचन कमी येते. काळ्या वाणाचा रंग प्रकाश गिळतो, तेव्हाही कमीच. उलट रसातली प्रथिने धाग्याला ढकलून जागा घेतात आणि विष नसताना उजेड पडतो.

उपाय म्हणून रस गाळा, सामू ७.५ ते ८ करा, बफरने दहापट पातळ करा. मात्र मग यंत्राला लिटरला ०.२ मायक्रोग्रॅमही ओळखता आले पाहिजे. पातळ करण्याआधी त्याच रसाचे दोन भाग करून एकात लिटरला २ मायक्रोग्रॅम पडेल इतके प्रमाणित विष घाला (हातमोजे हवेतच). पातळीकरणाचा हिशेब धरून दोन वाचनांतला फरक १.४ ते २.२ आला तर ठीक, ०.५ आला तर रसच आड येतोय. खोटी चमक या फरकात सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत निर्विष ठरलेला, त्याच वाणाचा रस सोबत लावावा लागतो.

बेदाण्याची एक मूठ तपासणे व्यर्थ, कारण विष ढिगात सारखे पसरलेले नसते. वेगवेगळ्या खोक्यांतून, थरांतून माल घेऊन पाण्यासह वाटून एकजीव लगदा करावा. अतिनील टॉर्चखाली चमकला म्हणजे विषारी, हा तर गैरसमजच. बेदाण्यातली इतर द्रव्येही चमकतात. सफरचंदाच्या रसातले पॅट्युलिन हे दुसरे बुरशीविष या धाग्याला दिसतच नाही.

रसाचे वाचन १.५ च्या वर गेले की लॉट बाजूला ठेवून प्रयोगशाळेत इम्युनोअ‍ॅफिनिटी स्तंभ (प्रतिपिंडांनी विष वेगळे काढणारा) आणि एचपीएलसीने (द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या पद्धतीने) तपासावा. तोवर केवळ यंत्राच्या आकड्यावर कुणाचा दर पाडू नये.

— एक अन्नतंत्रज्ञ, मिरज