गर्भपातानंतरच्या रक्तस्रावाबाबत दिलेल्या चुकीच्या सल्ल्याची तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवा

विषय : रक्तस्राव वाढत असताना रुग्णाला घरीच थांबायला सांगितल्याबाबत

महोदय,

मी तुमच्या ॲपची वार्षिक सभासद आहे. गेल्या महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मी गोळ्या घेऊन गर्भपात केला. सातवा आठवडा होता, आणि 9 आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करायला कायद्याची परवानगी आहे. आधी मिफेप्रिस्टोन, एक दिवस सोडून मिसोप्रोस्टॉल. कळा येतील, गाठी पडतील, मग अंगावरून जाणं कमी होत जाईल आणि थोडंथोडं दोनेक आठवडे चालेल, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं.

माझं मात्र कमी होण्याऐवजी वाढत गेलं. रात्री मोठा पॅड बदलून बाथरूममधून पलंगापर्यंत येते न येते तोच तो भिजलेला असे. लिंबाएवढ्या गाठी पडत होत्या, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टरांचा फोन लागेना, म्हणून तुमच्या चोवीस तासांच्या सेवेला फोन केला.

तुमचा माणूस म्हणाला, "ताई, गर्भपातानंतर ब्लीडिंग होतंच. पाळीसारखंच समजा. नारळपाणी घ्या, आराम करा." पॅड किती वेळात भिजतोय, चक्कर येतेय का, ताप आहे का, काहीच विचारलं नाही. मी आपणहून पॅडचं सांगायला लागले तर "घाबरू नका" म्हणून मला मधेच तोडलं. स्वतःचं नाव किंवा नोंदणी क्रमांक सांगितला नाही. तो डॉक्टर होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील आणि असं सलग दोन तास चाललं, तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. हा निकष जगभर वापरतात आणि गोळ्या देताना बाईला हमखास सांगतात. मलाही सांगितला होता. पण समोरचा डॉक्टर म्हणवणारा माणूस "हे होतंच" असं ठामपणे म्हणाला की मध्यरात्री घाबरलेली बाई त्याचंच ऐकते. मीही ऐकलं.

पहाटे पुन्हा फोन केला. या वेळी दुसऱ्या कोणीतरी घरीच युरीन टेस्ट करायला सांगितलं, निगेटिव्ह आली तर सगळं पडलं असं समजा म्हणे. गर्भपात पूर्ण झाला तरी ही टेस्ट काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. इतक्या लवकर करून तिच्यातून काय कळणार होतं? वर फोन ठेवल्यावर "गर्भाशय शुद्धी"च्या काढ्याची जाहिरात मोबाइलवर आली.

शेवटी नणंदेने मला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. सोनोग्राफीत अवशेष राहिल्याचं दिसलं. पिशवी साफ करावी लागली, रक्त चढवावं लागलं. अजून एक जिना चढले की दम लागतो, केस विंचरायला हात वर धरवत नाहीत. लोहाच्या गोळ्या पुढचे काही महिने चालू राहतील.

गर्भपात अपूर्ण राहिला याचा दोष मी तुम्हाला देत नाही. गोळ्या घेतलेल्या थोड्या जणींच्या बाबतीत असं होतं. पण रात्रभर जे रक्त गेलं, ते तुमच्या सल्ल्यामुळे गेलं.

यावर ग्राहक सेवेने सल्ल्याचे पैसे परत करण्याची तयारी दाखवली आहे. मला तेवढ्याने भागणार नाही. दोन्ही फोनचं रेकॉर्डिंग आणि बोलणाऱ्यांची नावं व नोंदणी क्रमांक मला द्यावेत. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरने आपली ओळख देणं आणि तातडीच्या वेळी रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीला पाठवणं अपेक्षित आहे. गर्भपातानंतर फोन करणाऱ्या प्रत्येक बाईला पॅड, चक्कर, ताप आणि घाण वास यांबद्दल विचारायचंच, असा नियम तुमच्याकडे लेखी असावा. आणि त्या काढ्याची जाहिरात अशा रुग्णांना पाठवणं आजच बंद करा. घरात कोणाला सांगता येत नाही म्हणून कितीतरी जणी बाथरूमचं दार लावून तुम्हाला फोन करत असतील. त्यांना रिक्षात घालायला नणंद नसेल.

उत्तर फक्त माझ्या ईमेलवर पाठवा, घरच्या नंबरवर फोन करू नये. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. हॉस्पिटलचे कागद आणि बिलं सोबत जोडली आहेत.

आपली,
एक सभासद
(नाव व सभासद क्रमांक ईमेलमध्ये दिला आहे)