तुझं विमान उतरायला तयार नाही

सोलापूर,
रविवार

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

जेआरडी टाटांनी 1932 मध्ये टपाल नेलं त्या पुस मॉथ विमानाचं तू केलेलं मॉडेल, त्याची फाइल मिळाली. लगेच फ्लाइटगिअरमध्ये, आपल्या संगणकावरच्या उड्डाणाच्या प्रोग्रॅममध्ये, टाकली आणि होटगी रोडच्या धावपट्टीवरून उडवून बघितली. उडण्याबद्दल तक्रार नाही, पण उतरायला तुझं विमान तयारच नाही. इंजिन पार मंद केलं, नाक वर धरलं, तरी जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगत पुढं जातंय. धावपट्टी संपत आली की मग कुठं चाकं टेकतात. पुस मॉथ मुळात हलकं, हे मान्य. माणसं, सामान, पेट्रोल सगळं धरून 930 किलो आणि वर 11.2 मीटरचा पंख. थोडं तरंगणारच की. पण इतकं नाही.

म्हणून तुझी आकड्यांची फाइल उघडली. पुस मॉथचा कमाल वेग पुस्तकात 128 दिलाय आणि तूही 128 लिहिलायस. फक्त पुस्तकातले 128 हे ताशी मैल आहेत, आणि यासिमला, म्हणजे फ्लाइटगिअरमधल्या उड्डाणाचं गणित करणाऱ्या भागाला, वेग लागतो नॉट्समध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. म्हणजे तिथं 111 हवे होते. आता यासिम करतं काय? आपण पंखाची मापं, वजन, इंजिनाची ताकद आणि वेग द्यायचा. हवेचा विरोध किती ते उलट्या बाजूनं तेच काढतं. इंजिन दिलंय 120 अश्वशक्तीचं जिप्सी थ्री आणि विमान पळवायचंय ताशी 237 किलोमीटरनं. गणित जुळवायला त्यानं निमूटपणे विरोध कमी केला. लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळं तुझ्या विमानाला हवेचा विरोध खऱ्याच्या दोन-तृतीयांशच उरलाय. मग ते थांबणार कसं? एकही चूक दाखवणारा संदेश आला नाही, कारण यंत्राच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नव्हतं. एवढा एक आकडा बदल आणि परत पाठव.

आकडा बदलला तरी उतरताना ते आजच्या विमानासारखं वागणार नाही, आणि वागूही नये. पुस मॉथला फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली वाकणाऱ्या पट्ट्या, नव्हत्या. तू पत्रात विचारलंयस, "थोडे फ्लॅप देऊ का, लोकांना उतरवायला सोपं जाईल." अजिबात देऊ नकोस. विमान बनवणाऱ्यांनी वेग कमी करायला दुसरीच युक्ती केली होती, आणि ती आपल्या मॉडेलमध्ये आली तर मला फार आनंद होईल. चाकांच्या वर धक्के सोसणारा जो उभा पाय आहे, त्यावर पातळ, निमुळतं आवरण असायचं. उडताना त्याची धार वाऱ्याकडं. उतरायच्या वेळी वैमानिक आतून ते 90 अंशांत फिरवायचा, की रुंद बाजू वाऱ्यासमोर यायची आणि वेग कमी व्हायचा. ते आवरण वेगळा भाग म्हणून कापून घे, त्याला फिरू दे, आणि एअरब्रेकच्या कळीला जोड. विरोधाचा आकडा मी इथं उडवून बघून ठरवतो. उंची जास्तच राहिली तर विमान बाजूला घसरवत आणायचं. ती सवय करून घ्यावी लागते, त्याला इलाज नाही.

आता कापडाचं. इथं मात्र तुझ्या अप्पाचं ऐकायचं. चादरीच्या कारखान्यात ग्राफच्या चौकटी भरण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा तू ज्याला टेक्स्चर म्हणतेस ते मला नवीन वाटलं नाही. एका चौकटीत एक रंग, आणि सगळं मिळून लांबून नक्षी. पण तू पंखावर सुताची वीण काढलीयस ती पुसून टाक. पंखावर लिननचं कापड चढवायचे आणि त्यावर डोपचे, म्हणजे रोगणासारख्या लेपाचे, हातावर हात द्यायचे. डोप वाळताना कापड आवळतं आणि त्याची भोकं बुजतात. शेवटच्या हातांत ॲल्युमिनियमची पूड असायची, कारण उन्हानं लिनन कुजतं आणि ती पूड ऊन अडवते. त्या काळची इतकी विमानं चंदेरी दिसतात ती त्यामुळं. एवढे थर बसल्यावर दोन पावलांवरून ताणाबाणा दिसणं शक्य नाही.

दुसरं, पंखातल्या दोन फासळ्यांच्या मध्ये तू कापडाला जो झोळ दिलायस, तो जुन्या बाजेसारखा दिसतोय. डोप दिलेलं कापड टिचकी मारली तर वाजावं इतकं ताणलेलं असतं. मधला खोलगटपणा नावापुरता, तिरप्या उन्हातच कळणारा. तुझ्या नॉर्मल मॅपचा, म्हणजे उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्राचा, जोर निम्म्याहून कमी कर. त्याऐवजी दाखवायचंय ते हे: कापड फासळीला मेणाच्या दोऱ्यानं टाके घालून बांधतात आणि त्या टाक्यांवर पट्टी चिकटवतात. पट्टीच्या कडा करवतीसारख्या दातेरी कापलेल्या असतात, म्हणजे सुतं निसटत नाहीत. ती पट्टी प्रत्येक फासळीवर दिसली पाहिजे. मी काढायला घेतलीय, पुढच्या आठवड्यात देतो.

रंगाबद्दल तू घाई केलीस. जुन्या फोटोत विमान काळं दिसतं म्हणून तू काळा दिलास. त्या काळी बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल रंग फोटोत काळा यायचा, पिवळाही अंधारून यायचा आणि निळा मात्र फिका पडायचा. तेव्हा काळं दिसलं ते काळंच, असं धरता येत नाही. शिवाय तू डकवलेल्या फोटोंतला एक 1982 चा आहे. त्या टपालाच्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून जेआरडी टाटांनी वयाच्या 78 व्या वर्षी कराची ते मुंबई पुन्हा एकट्यानं उड्डाण केलं, तेव्हाचा. ते विमान लेपर्ड मॉथ आहे, पुस मॉथ नव्हे. पंख बघ, टोकाकडं निमुळता होत गेलाय. आपला सरळ आहे. धडही वेगळं: लेपर्ड मॉथचं प्लायवूडचं, पुस मॉथचं पोलादी नळ्या जोडून वर कापड. त्या फोटोवरून घेतलेलं सगळं काढून टाक.

आणि त्या आडव्या छोट्या टेकूचं काय ठरलं? पुस मॉथची काही विमानं हवेतच मोडली. 1933 च्या जानेवारीत बर्ट हिंकलर इटलीतल्या डोंगरात गेले ते याच विमानात. या अपघातांच्या तपासात निघालं, की वादळी हवेत पंखाचा पुढचा टेकू वाकतो आणि मग तुटतो. नंतर त्या टेकूच्या मध्यापासून मागं धडापर्यंत एक बारीक टेकू देऊन तो पक्का केला. आपण व्हीटी-एडीएन, म्हणजे जेआरडींचं ते विमान, करतोय, 15 ऑक्टोबर 1932 चं. हिंकलर जायच्या आधीचं. माझ्या मते बारीक टेकू न देता मॉडेल कर. आणि जमलं तर वादळी हवेत ठरावीक ताणापुढं पंख तुटेल असंही कर. वैशाखातल्या दुपारी आपल्याकडं हवा कशी उसळते ते तुला माहीत आहे. त्या हवेत हे विमान घेऊन जाणाऱ्याला जपून उडवावंसं वाटलं पाहिजे. तुला हे क्रूर वाटेल, पण पडद्यावर कुणी मरत नाही.

उड्डाणाचा मार्ग मी आखून ठेवलाय. कराचीचं ड्रिघ रोड मैदान, तिथून अहमदाबाद, मग जुहू. टपाल 25 किलो. रेडिओ नाही, नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसेल ती जमीन. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते, ती बैलगाडी मला धावपट्टीच्या कडेला हवीच. मुंबईहून पुढं जेआरडींचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीला आणि मग मद्रासला नेलं. मुंबई ते बळ्ळारी सरळ रेघ ओढून बघितली तर ती साताऱ्याच्या पूर्वेनं आणि विजापूरच्या पश्चिमेनं जाते. आपलं गाव बाजूलाच राहतं. वाईट वाटलं थोडं. तरी मी तुला 1932 चं सोलापूरही करायला लावणार आहे: जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, सगळ्या गिरण्यांची धुराडी आणि त्यांचा धूर. आजच्या नकाशातलं काही चालणार नाही.

पुण्याचं काम तुझ्या हाताशी आहे. जुहूची जमीन पावसाळ्यात चिखलात जायची, म्हणून टपालाचं काम पुण्याला हलवत, येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानात. त्याच तुरुंगात 12 जानेवारी 1931 ला आपल्या सोलापूरच्या चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. पुढच्या काही वर्षांतच त्याच भिंतीपलीकडं टपालाची विमानं उतरू लागली. भिंत नीट काढ. एखाद्या रविवारी जाऊन बाहेरून बघून ये, दगडाचा रंग कळेल.

सोपं रूप हवंच असेल, तर वेगळी फाइल कर आणि वेगळं नाव दे. त्यात जीपीएस घाल, फ्लॅप घाल, काय हवं ते घाल. पण व्हीटी-एडीएन नाव ज्याच्यावर आहे, त्याला हात लावायचा नाही. नवशिक्यांनी चार वेळा आपटावं. जेआरडींचा परवानाही 1929 चा, भारतात दिलेला पहिला; तेही शिकूनच उडाले.

हे झालं की वापिटी घेऊ. 1 एप्रिल 1933 ला भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी याच ड्रिघ रोडवर चार वापिटी घेऊन उभी राहिली, म्हणजे एकदा बनवलेलं मैदान तिथंही कामाला येईल. दोन पंखांचं विमान आहे, तारा भरपूर. आत्तापासून तक्रार सुरू करू नकोस.

आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवलीय. शेजारचे काका बुधवारी हुतात्मानं पुण्याला येतायत, स्टेशनवर जाऊन घे. परीक्षा संपेपर्यंत विमानाला हात लावू नकोस, असं तिनं लिहायला सांगितलंय. 111 चा आकडा तेवढा बदलून पाठव, त्याला पाच मिनिटं लागतात.

तुझे,
अप्पा