तात्या, पाण्याचा हिशेब अजून बाकी आहे

तात्यांना सा. नमस्कार, वि. वि.

पत्र कशाला, म्हणून हसाल. शाळेच्या कुंपणाला लागूनच तर तुमचं रान आहे, हाक मारली तरी ऐकू जाईल. पण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही 'त्यात काय एवढं बाई' म्हणता आणि पावसावर बोलायला लागता. म्हणून हे चारचौघांना दिसेल असं लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी शाळेमागच्या चार गुंठ्यांत परसबाग काढली तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं, ते आता सांगायला हरकत नाही. रंगवलेल्या विटांची किनार, एक फलक आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायला चार हिरवे वाफे, बस्स. सातारा जिल्ह्यात वाढल्यामुळे कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'वर भाषणं ठोकून मी बक्षिसं मिळवली होती. खुरपं मात्र कधी हातात धरलं नव्हतं. पहिल्याच खेपेला कोथिंबीर धड उगवली नाही. कुठे चार काड्या, कुठे दोन. तुम्ही आत आलात, बोटाने माती उकरून एक धणा वर काढलात आणि म्हणालात, "आख्खाच टाकलाय व्हय?" मग शाळेच्या पायरीवर मूठभर धणे पसरून चपलेच्या तळाने हलके हलके रगडलेत. धण्याच्या दोन डाळी व्हायला हव्यात, चुरा नको. एका धण्यात दोन बिया असतात हे मी वर्गात शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढून!

पाण्याचं तर काय सांगू. आपल्या माण तालुक्यात फेब्रुवारी लागला की विहिरी तळाला जातात, सख्खा भाऊ भावाला पाळी सोडत नाही. मोटरीला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीची असायची त्या आठवड्यात तुम्ही रात्री उठून मोटर चालू करायचात, आधी शाळेची टाकी भरायचात आणि मग आपल्या कांद्याला पाणी सोडायचात. हे मला तुमच्या नातवाकडून कळलं.

पण हे पत्र धण्यासाठी नाही आणि खरं तर पाण्यासाठीही नाही. ते मेथीच्या हिशेबासाठी आहे.

अर्ध्या गुंठ्यात मेथी केली होती. तीस दिवसांत काढणीला आली, ११० जुड्या झाल्या. नववीच्या एका मुलीने जुड्या बारीक बांधायला घेतल्या, म्हणजे संख्या वाढेल. तुम्ही तिला ओरडला नाहीत. एक बारीक आणि एक भरीव जुडी तिच्या दोन हातांत दिलीत आणि विचारलंत, "तुझी आई कुठली उचलंल?" तिने सगळ्या सोडून पुन्हा बांधल्या. आठवडी बाजारात पहिल्या ४० जुड्या दहा-दहा रुपयांना गेल्या. मग दोन टेम्पो मेथी आली आणि उरलेल्या ७० पाच रुपयांवर उतरल्या. आले ७५० रुपये. बियाण्याचे ६०, शेणखताचे १५० (तुम्ही खत फुकट दिलंत, पण 'फुकट असलं तरी लिवा' म्हणालात), रिक्षाचे ५०. पोरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, नफा ४९०. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तुम्ही दाराशी उभे होतात. एवढंच विचारलंत, "खुरपलं कुणी?"

मग पोरांनी तास मोजले. वाफे बांधणं, खुरपणी, पाणी देणं, काढणी, जुड्या, सगळे मिळून ४० तास. तासाला ३० रुपये धरले तरी १,२०० होतात. नफा पुसला, तोटा ७१० लिहिला. वर्ग एकदम गप्प. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे आमच्या घरी दरसाल तोटाच असतो की."

तात्या, त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत, नुसती टोपी काढून पुन्हा घातलीत. दुसऱ्या दिवशी मी तयारी करून आले आणि दहावीला पहिल्यांदा हमीभाव नीट शिकवला. बियाणं, खत, औषधं, मजुरांचे पैसे हा 'ए२' खर्च. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत मिळवली की 'ए२ अधिक एफएल'. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरलं की 'सी२'. सरकार खर्चाच्या दीडपट हमीभाव म्हणतं ते यातल्या दुसऱ्या आकड्याच्या, शेतकरी संघटना मागतात ती तिसऱ्याच्या. आणि मेथीला यातलं काहीच नाही. इतकी वर्षं हा धडा मी रटाळ म्हणून उरकत होते. त्या दिवशी मधली सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.

पुढच्या हंगामात पोरांनी स्वतःच ठरवलं की सगळं एकदम पेरायचं नाही. दर आठ दिवसांनी एक वाफा. बाजारात न जाता मंगळवारी आणि शुक्रवारी गावातच, आदल्या दिवशी नोंदवून घेतलेल्या घरांना भाजी पोचवायची. शाळेच्या खिचडीत पडणारी भाजीसुद्धा वहीत येते. स्वयंपाकाच्या मावशी आता सही करूनच पालक नेतात आणि त्यावरून रोज कुरकुरतात. वर्षअखेर मजुरी तासाला १८ रुपये सुटली. तोटा नाही, पण ३० पण नाहीत. यंदा त्यातली दोन पोरं कृषी पदविकेला जाताहेत. एकीने कॉमर्स घेतलंय, ती तर म्हणते, "बाई, शेती कळली म्हणूनच घेतलं."

आता मुद्द्याचं. हिशेबाच्या वहीत पहिल्या पानापासून एक रकाना रिकामा आहे. 'तात्यांची मोटर, तास' एवढं लिहिलंय, पुढे तास भरलेत आणि रुपयांच्या जागी काहीच नाही, कारण तुम्ही कधी आकडा सांगितला नाहीत. तीन वर्षांचे ६४ तास झालेत. 'फुकट असलं तरी लिवा' हे तुमचंच म्हणणं पोरांनी तुमच्यावर उलटवलंय. सोमवारी शाळा सुटल्यावर ती वही घेऊन तुमच्या गोठ्यावर येणार आहेत. दर तुम्ही सांगायचा आणि सही करायची. पावसावर बोलायला लागलात तर ती हलणार नाहीत, तसं मी त्यांना बजावून ठेवलंय.

काकूंना नमस्कार.

तुमची,
कुंपणाअलीकडची बाई