पाकीट एक लिटरचे, पाणी पेलाभर

मा. संपादक,

उन्हाळा सरून पाऊस सुरू झाला की खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. ओआरएसचे, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पावडरीचे, पाकीट आता घरोघरी माहीत आहे, पण एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून मुलाला पाजले जाते. ‘घट्ट केले तर जास्त ताकद येईल’ ही समजूत मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आतड्याच्या पेशीचे आवरण स्निग्ध असते. त्यातून मीठ किंवा साखर आपसूक आत जात नाही, त्यासाठी प्रथिनांची दारे लागतात. त्यांतले एक दार जोडीनेच आत घेते: सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू. नुसते मीठ किंवा नुसती साखर दिली तर हे दार नीट चालत नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असलेला पंप दर खेपेला तीन सोडियम बाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहते आणि आतड्यातले सोडियम ओढले जाते. त्यापाठोपाठ पाणी जाते. कॉलऱ्याचे विष क्लोराइडची वाट उघडी ठेवून आतड्यात पाणी ओतत राहते, पण हे जोडीचे दार त्याला बंद करता येत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले.

आता माप पाहा. एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, २४५, रक्ताची साधारण २९०. द्रावण रक्तापेक्षा थोडे पातळ, म्हणून पाणी शरीरात शिरते. तेच पाकीट २०० मिलीत घातले की आकडा १२२५ होतो. मग पाणी उलटे, रक्तातून आतड्याकडे वाहते. जुलाब वाढतात, रक्तातले सोडियम चढते आणि मुलाला झटके येऊ शकतात.

आपल्या ऊसपट्ट्यात उसाचा रस किंवा थंड पेये पाजतात, तेही चुकीचे. त्यांत साखर भरमसाट आणि सोडियम नावापुरते. अर्धे पाकीट वापरू नये, कारण पावडर सगळीकडे सारखी मिसळलेली नसते. लिटरची बाटली मापाला घ्यावी, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट घालावे, वरून साखर, दूध काही नको, आणि द्रावण २४ तासांत संपवावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल पेंगुळले, पिईनासे झाले, शौचातून रक्त पडले तर घरी थांबू नये, थेट दवाखाना गाठावा.

बाजारात २०० मिलीची पाकिटेही मिळतात, घोळ तिथूनच होतो. म्हणून औषध दुकानदारांना आणि आशा ताईंना कळकळीची विनंती: पाकीट हातात देताना ‘हे किती पाण्याचे आहे’ ते कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत सांगा आणि घरी लिटरचे माप आहे का, तेही विचारा.

– एक वाचक, बेळगाव