वॉशिंग मशीनच्या वासाबद्दल

आई, बाबा,

आई, तू काल म्हणालीस की धुतलेल्या टॉवेललाही कुबट वास येतोय म्हणून तू पावडर वाढवलीस, तर आधी ते बंद कर. आपलं मशीन फ्रंट लोड, पाणी कमी घेतं, जास्तीची पावडर धुऊन जातच नाही, ती आणि अंगाचा तेलकट मळ आतल्या टबच्या मागे साचतो आणि त्यावरच बुरशी येते. त्यात तू सगळं थंड पाण्यात धुतेस. वरून कोकणातला पावसाळा, भिंतीसुद्धा घाम गाळतात तिथे मशीन कसं सुकणार!

दाराचं जाड रबर आहे ना, त्याची घडी बोटाने मागे ओढून बघ, खाली पाणी, केस आणि काळे ठिपके दिसतील. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पूस आणि कोरडं कर. डाग आत मुरले असतील तर जाणार नाहीत, घासत बसू नकोस. पावडरचा कप्पा पूर्ण बाहेर निघतो, तो जुन्या टूथब्रशने घास, खाली चिखल असेल बघ.

मग मशीन रिकामं ठेवून टब क्लीनचा प्रोग्राम लाव, तो नसेल तर कॉटनचा, ६० डिग्रीवर. आणि प्लीज, व्हिडिओत काहीही दाखवू देत, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र टाकायचं नाही, क्लोरीन वायू होतो, बाबांना आधीच दम लागतो.

बाबा, खालचा फिल्टर तुम्ही गुडघे टेकून काढू नका, शेजारच्या दादाला बोलवा. प्लग काढून, पाणी गार झाल्यावर, खाली पसरट ताट ठेवून उघडायला सांगा. तुमच्या शर्टातली नाणी तिथेच सापडतील.

आता मुख्य भांडण. पाल आत जाईल म्हणून तुम्ही धुणं झालं की लगेच दार घट्ट लावता, मग वास येणारच ना. कपडे तासन्‌तास आत ठेवायचे नाहीत, काढले की दार चार बोटं उघडं आणि कप्पाही उघडा. पालीसाठी फटीवर मच्छरदाणीचा तुकडा लावा. फक्त दिवाळीत आपला छोटा पिल्लू घरी येईल तेव्हा दार बंदच, तो आत शिरेल, त्या दिवसांत रबर पुसून घेत जा.

एवढं करूनही पंधरा दिवसांनी वास असेल तर पाणी जायचा पाइप बघायला मेकॅनिक बोलवू, तो नवीन मशीन घ्या म्हणाला तर आधी मला फोन करा. रबराचा फोटो पाठव आई, फ्लॅश लावून.

तुमची,
ताई